मामांच्या अन्ननलिकेतला न रंगलेला डाग

माळरान
१२ जानेवारी, रात्री ९:४०

एरवी मी शेती आणि भटकंतीच्या धाग्यांवर असतो. आज वेगळंच घेऊन आलोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे मामा, वय ६१, मराठवाड्यातलं गाव, कोरडवाहू शेती. उभं आयुष्य तंबाखू-चुना आणि सकाळी मशेरी. चार वर्षांपूर्वी गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, मग लाईट घेतले (आमच्याकडे रेडिएशनला लाईटच म्हणतात). तेव्हापासून दर सहा महिन्यांनी पुण्याला दाखवायला येतात, माझ्याकडेच उतरतात. या खेपेला डॉक्टर नवीन होत्या. तोंड तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अन्ननलिकेची दुर्बीण कधी केली होती?" मामा म्हणाले, "मला गिळायला काय बी त्रास नाही, भाकरी खातो मी." त्या म्हणाल्या, "म्हणून तर आत्ता करायची."

मामांचं तोंड दोन बोटंच उघडतं, त्यामुळे दुर्बीण आत जाईल की नाही इथूनच काळजी. गेली. घशात बधिरतेचा फवारा, हाताला गुंगीचं इंजेक्शन. नंतर डॉक्टरांनी फोटो दाखवले. पहिला साध्या पांढऱ्या उजेडातला, त्यात मला काही दिसलं नाही, आणि खरं तर त्यांनाही फारसं नाही, असं त्या मोकळेपणाने म्हणाल्या. दुसरा निळसर-हिरव्या उजेडातला. दातांपासून ३१ सेंटीमीटरवर चहा सांडल्यासारखा तपकिरी पट्टा. तिसऱ्यात आयोडीन मारलं होतं. सगळी अन्ननलिका चिंचेच्या कोळासारखी तपकिरी, आणि मधोमध तेवढाच भाग कोरा. पुढच्या फोटोत तोच कोरा भाग गुलाबी.

तुकड्याचा रिपोर्ट आला: कॅन्सर, पण वरवरचा दिसतोय. डॉक्टर म्हणतात, छाती उघडायची नाही, दुर्बिणीतूनच सोलून काढू. मामी म्हणते, "अर्धवट काही नको, एकदाचं कापून टाका." मामा काहीच बोलत नाहीत, गॅलरीत बसून असतात. कुणाला अनुभव आहे का? सोलून काढणं खरंच पुरतं का?

नळी_फुंकली_सोनारे
१२ जानेवारी, रात्री १०:१५

आयडीवरून हसू नका, धागा माझ्यासाठीच निघालाय असं वाटलं. मामांना शुभेच्छा आहेतच, पण एक शंका. काहीच त्रास नसताना दुर्बीण, मग रंग, मग तुकडा, मग ऑपरेशनपेक्षा महाग काहीतरी. हल्ली आधी यंत्र घेतात आणि मग त्याला पेशंट शोधतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलंत का?

सिस्टर_निवृत्त
१२ जानेवारी, रात्री १०:५२

मी २६ वर्षं एंडोस्कोपीच्या खोलीत काम केलं. दुसरं मत जरूर घ्या, पण "त्रास नसताना" या शब्दावर अडू नका. घास अडकायला लागतो तेव्हा नळीचा बराचसा मार्ग बंद झालेला असतो. आधी भाकरी अडते, मग पोळी, मग भात, मग पाणी. माणूस काय करतो? भाकरी सोडून भाताकडे जातो, भात सोडून पेजेकडे. घरचे म्हणतात वय झालं. आमच्याकडे येईपर्यंत शर्ट अंगावर लोंबत असायचा.

शेवंती_७
१२ जानेवारी, रात्री ११:३०

सिस्टर, तुम्ही माझ्या बाबांचंच लिहिलंत. आम्ही तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दुर्बीण केली तेव्हा ती पुढे सरकलीच नाही. यकृतात पसरलं होतं. मग जाळी बसवली. त्याबद्दल सावकाश लिहीन, आज नको.

जठराग्नी
१३ जानेवारी, सकाळी ७:०५

पोटाच्या विकारांचा डॉक्टर आहे. रिपोर्ट न बघता सल्ला देत नाही, पण माळरान यांना पडलेला प्रश्न सगळ्यांच्या उपयोगाचा आहे म्हणून थोडं लिहितो.

या आजारात "किती मोठा" यापेक्षा "किती खोल" याला महत्त्व जास्त. घराची भिंत डोळ्यांसमोर आणा. वर रंग, खाली पुट्टी, मग गिलावा, मग वीट. ओल रंगापुरती आहे की गिलाव्यात उतरली आहे, हे बाहेरून डागाच्या आकारावरून कळत नाही. अन्ननलिकेचंही तसंच. सगळ्यात वरचे दोन थर, म्हणजे अस्तर आणि त्याखालची मऊ जागा, इथवरच कॅन्सर असेल तर तो शेजारच्या लसिकाग्रंथींमध्ये (आपण त्यांना गाठी म्हणू) गेलेला असण्याची शक्यता नगण्य. तिसरा, स्नायूचा अगदी पातळ पापुद्रा. तिथे पोचला की शंभरात साधारण दहा जणांच्या गाठींत तो सापडतो. त्याखालच्या थरात खोल गेला तर चाळिसाच्या आसपास. म्हणजे मिलिमीटरच्या अंशावर माणसाचं नशीब बदलतं. मोठ्या आतड्यात इतकी घाई नसते. अन्ननलिकेत लसिकावाहिन्या फार वरपर्यंत आलेल्या असतात, आणि बाहेरून तिला पोट-आतड्यासारखं आवरणही नसतं. शेजारी श्वासनलिका आणि महाधमनी.

म्हणून मामींना सांगा, वरचे दोन थर असतील तर सोलून काढणं म्हणजे अर्धवट काम नव्हे. नळी काढायच्या ऑपरेशनमध्ये जठर ओढून छातीत किंवा मानेपर्यंत न्यावं लागतं. ते ज्याला लागतं त्याला लागतंच, पण ज्याला लागत नाही त्याच्यावर का लादायचं?

सोनारे यांनाही उत्तर देतो. तोंड-घशाचा कॅन्सर झालेल्या माणसाची अन्ननलिका बघणं ही यंत्रासाठी पेशंट शोधण्याची गोष्ट नाही. तंबाखूचा रस गिळला जातो. जे गालाला लागलं तेच खाली ३० सेंटीमीटरवर लागतं. अख्खं शेतच खराब झालेलं असतं, तण एकाच वाफ्यात उगवेल असं कसं धरायचं?

चहाबाज
१३ जानेवारी, सकाळी ९:२०

आयोडीनचा प्रकार भारी आहे. शाळेत बटाट्यावर टाकायचो तेच का? आणि न रंगलेला भाग वाईट कसा? मला वाटलं डाग पडला की वाईट.

जठराग्नी
१३ जानेवारी, दुपारी २:१०

जवळजवळ तेच. बटाट्यात स्टार्च असतो म्हणून निळं-काळं होतं. अन्ननलिकेच्या निरोगी अस्तरात ग्लायकोजेन साठलेलं असतं, त्याला आयोडीन लागलं की तपकिरी रंग येतो. बिघडलेल्या पेशींत हा साठा उरलेला नसतो, म्हणून तेवढा भाग कोरा राहतो. दोनतीन मिनिटं थांबलं की खराब जागा गुलाबी दिसू लागते, माळरान यांच्या चौथ्या फोटोत आहे तशी. हे द्रावण लुगोल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२९ मध्ये केलेलं, म्हणजे यात "अत्याधुनिक" काही नाही. स्वस्त आहे. तोटा एवढाच की नंतर छातीत जळजळतं, त्यासाठी शेवटी सोडियम थायोसल्फेट फवारतात. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा आजार असेल तर आधी सांगायचं.

निळा-हिरवा उजेड ही त्यामानाने नवी गोष्ट. त्याला एनबीआय म्हणतात. ४१५ आणि ५४० नॅनोमीटर अशा दोनच अरुंद पट्ट्यांचा उजेड सोडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमका तोच शोषतं, त्यामुळे वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात. निरोगी अस्तरात त्या इवल्याशा, सरळ फासांसारख्या असतात. कॅन्सरमध्ये फुगतात, वेड्यावाकड्या होतात, आणखी खोल गेला तर फास तुटून जाड आडव्या रेघा उरतात. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी या फासांचा अभ्यास केला आणि नुसत्या नजरेने खोलीचा अंदाज बांधायची रीत त्यातून पुढे तयार झाली. २०१० साली जपानमध्ये ३२० रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अन्ननलिकेतले वरवरचे कॅन्सर साध्या उजेडात ५५ टक्के सापडले, या उजेडात ९७ टक्के. तोंड-घशाकडच्या भागात तर ८ विरुद्ध १००.

नळी_फुंकली_सोनारे
१३ जानेवारी, दुपारी ३:००

५५ विरुद्ध ९७? म्हणजे साध्या उजेडात निम्मे सुटतात? मग आजवर ज्यांना "दुर्बीण नॉर्मल" म्हणून घरी पाठवलं त्यांचं काय?

सिस्टर_निवृत्त
१३ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

ते आकडे फक्त वरवरच्या, सुरुवातीच्या कॅन्सरचे आहेत, नीट वाचा. पण प्रश्न रास्त आहे. अन्ननलिका ही पोटाकडे जायची वाट, म्हणून बरेच जण तिच्यातून एक्सप्रेस गाडीसारखे सुटतात. जाताना चिकट लाळ, फेस, त्यावर बुडबुडे. ते सिमेथिकॉनच्या पाण्याने धुतल्याशिवाय काय दिसणार? मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते डॉक्टर परतताना दुर्बीण एकेक सेंटीमीटर मागे घ्यायचे आणि मला म्हणायचे, "बाई, घड्याळाकडे बघू नका." दिवसाला चाळीस तपासण्या लावल्या की हे होत नाही. दोष कुणा एकाचा नाही, पण होत नाही हे खरं.

जठराग्नी
१३ जानेवारी, रात्री ८:३०

सिस्टरना अनुमोदन. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला हिशोब सांगतो की अन्ननलिका-जठराचे कॅन्सर निघालेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांची आधीच्या तीन वर्षांत दुर्बीण झालेली होती आणि तीत तो कॅन्सर कळला नव्हता. हल्ली संगणकाकडून मदत घेतात. जपानच्या एका चमूने २०१९ मध्ये आठ हजारांवर फोटो दाखवून यंत्राला शिकवलं, त्याने ९८ टक्के कॅन्सर ओळखले. पण त्याच यंत्राने वाजवलेल्या दर दहा घंटांपैकी सहा खोट्या होत्या. कुत्रा भुंकतो हे चांगलं, पण उठून बघायचं माणसालाच.

ओसाकाकर
१४ जानेवारी, पहाटे ५:३०

जपानमधून. सोलून काढायच्या या पद्धतीला ईएसडी म्हणतात, इथे तिला आता कुणी नवीन समजत नाही. अन्ननलिकेच्या ईएसडीला सरकारी विम्यात २००८ मध्ये जागा मिळाली, जठराच्या ईएसडीला त्याच्याही आधी मिळाली होती. माझ्या ऑफिसातल्या एका वरिष्ठांचं झालं, आठवड्याने ते कामावर होते.

एक गंमत म्हणजे इथे पिण्याच्या बैठकीत ज्याचा चेहरा एका ग्लासात लाल होतो त्याला डॉक्टर आवर्जून सांगतात, तू पिऊ नकोस. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, ते मोडायचं एन्झाइम पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत जन्मतः कमजोर असतं. ते साठतं, चेहरा लाल होतो आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आपल्याकडे तंबाखू-सुपारी, यांच्याकडे साके आणि लाल गाल.

चहाबाज
१४ जानेवारी, सकाळी ८:१५

आयडी बदलावा लागणार बहुतेक. गरम चहाने अन्ननलिकेचा कॅन्सर होतो असं व्हॉट्सॲपवर आलं होतं, खरं का?

जठराग्नी
१४ जानेवारी, दुपारी १:४०

व्हॉट्सॲप क्वचित खरं बोलतं, त्यातलं हे. चहा नाही, चटका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांना "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं. इराणच्या गोलेस्तान प्रांतात हा कॅन्सर फार. तिथे ५० हजार ४५ लोकांना वर्षानुवर्षं पाठपुराव्यात ठेवलं. चहा किती गरम पिता, हे नुसतं विचारलं नाही. समोर कपात थर्मामीटर घालून ७५ अंशांपासून पाच-पाच अंशांनी उतरत नेमका कुठला पिता ते तपासलं. ६० अंशांच्या वर आणि दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त चहा पिणाऱ्यांना धोका ९० टक्क्यांनी अधिक निघाला. पण मूळ धोकाच लहान असेल तर त्यात ९० टक्के वाढूनही तो प्रचंड होत नाही. मशेरी आधी सोडा, चहाचं नंतर बघू.

शेवंती_७
१४ जानेवारी, दुपारी २:०५

आमचे आजोबा बशीत ओतून, फुंकर मारून प्यायचे. आम्ही हसायचो त्यांना.

घशाशी_येतं
१४ जानेवारी, रात्री ९:००

माझं वेगळं आहे. तंबाखू नाही, दारू नाही, पण पंधरा वर्षं ॲसिडिटी, वजन ९४. डॉक्टरांनी "बॅरेट" लिहिलंय. गूगल करून झोप उडाली.

जठराग्नी
१४ जानेवारी, रात्री १०:२०

झोपा. या कॅन्सरचे मुख्य दोन प्रकार. एक नळीच्या मूळच्या अस्तरातून होणारा, तंबाखू-दारू-सुपारीवाला, आपल्याकडे अजून त्याचंच राज्य. दुसरा खालच्या टोकाला, वर्षानुवर्षं वर येणाऱ्या आम्लामुळे अस्तर बदलून आतड्यासारखं होतं त्यातून, तो पाश्चात्त्य देशांत जास्त. अस्तराच्या त्या बदलाला बॅरेट म्हणतात. नुसतं बॅरेट असेल, पेशी बिघडलेल्या नसतील, तर त्यातून कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला अर्ध्या टक्क्याहूनही बरंच कमी. ठरावीक अंतराने दुर्बीण, दर एक-दोन सेंटीमीटरवर चारी बाजूंनी तुकडे. पेशी बिघडायला लागल्या तर ते अस्तर रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळता येतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत, जास्त बिघाड असलेल्यांपैकी ८१ टक्के लोकांचा बिघाड त्याने पूर्ण गेला, खोटा उपचार केलेल्यांत १९ टक्के. आणि वजन ९४चं ८० करा, त्याला दुर्बीण लागत नाही.

थेम्सकाठ
१५ जानेवारी, दुपारी ४:३०

इंग्लंडमध्ये यासाठी दोऱ्याला बांधलेली कॅप्सूल निघाली आहे, केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांच्या गटाची. पाण्याबरोबर गिळायची, पोटात गेल्यावर वरचं आवरण विरघळतं आणि आतला स्पंज फुलतो. काही मिनिटांनी नर्स दोरा ओढते, स्पंज वर येताना अस्तराच्या पेशी खरवडून आणतो. त्यावर बॅरेटची खूण तपासायची. १३ हजार २२२ लोकांवरची चाचणी २०२० मध्ये छापून आली, नेहमीच्या पद्धतीपेक्षा दसपट बॅरेट सापडले. माझी झाली आहे. दोरा ओढताना दोन सेकंद ओकारी आल्यासारखं होतं, बस्स.

जठराग्नी
१५ जानेवारी, रात्री ७:५०

चीनमध्ये हेनान प्रांतात शेन छ्योंग यांनी साधारण १९६० च्या सुमारास फुग्यावर जाळी चढवून हेच केलं होतं. कल्पना जुनी आहे, नवी आहे ती पेशींवरची खूण.

नळी_फुंकली_सोनारे
१५ जानेवारी, रात्री ९:१०

ठीक आहे, अर्धा पटलो. पण मग सगळ्यांचीच दुर्बीण का करत नाहीत?

जठराग्नी
१५ जानेवारी, रात्री १०:००

कारण सगळ्यांना तो होत नाही, आणि दुर्बिणी व हात मोजके आहेत. चीनच्या हबेई प्रांतात त्सशियान नावाचा तालुका आहे, तिथे हा आजार घरोघरी. काही गावांत मध्यमवयीन लोकांची आयोडीन मारून एकदाच दुर्बीण केली, शेजारच्या गावांत नाही केली. दहा वर्षांनी या कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण ३.३५ टक्के विरुद्ध ५.०५ टक्के. एकाच तपासणीचा हा फरक. पण तिथे शंभरात पाच जण एकाच आजाराने जातात, तशी स्थिती महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे शहाणपण निवडून बघण्यात आहे: तोंड-घशाचा कॅन्सर झालेले, तंबाखू आणि दारू दोन्ही बराच काळ असलेले, ॲकॅलेशियाचे (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याचा आजार) जुने रुग्ण, कधीकाळी ॲसिड किंवा कॉस्टिक गिळलेले.

माळरान
२ फेब्रुवारी, रात्री १०:३०

झालं. उशीर झाला लिहायला, माफ करा. दुसरं मत घेतलं, तेही हेच म्हणाले. मामीला जठराग्नींची भिंत आणि ओल सांगितली, तिला लगेच पटलं. घर गळकं आहे त्यांचं.

पूर्ण भूल दिली. साडेतीन तास. मी बाहेर. नंतर डॉक्टरांनी व्हिडिओ दाखवला (मामांनी बघायला नकार दिला, मामीने डोळ्यांवर पदर घेऊन बघितला). आधी डागाभोवती टिपके मारले, मेंदी काढतात तसे. मग सुईने अस्तराखाली निळं पाणी भरलं, डाग पुरीसारखा वर फुगला. मग तारेएवढ्या विजेच्या सुरीने कडेने चीर आणि खालून सोलत सोलत एकसंध तुकडा. जुन्या पद्धतीत फासात धरून कापायचे, मोठा डाग असला तर तुकडे तुकडे निघायचे आणि मग कडा सुटल्या का कळायचं नाही. हा अख्खा निघाला, ४ सेंटीमीटर. थर्माकोलवर टाचण्या लावून ताणून ठेवला होता, फुलपाखरू लावतात तसा.

आज रिपोर्ट आला. दुसऱ्या थरापर्यंत. कडा मोकळ्या, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. डॉक्टर म्हणाल्या, आणखी काही करायचं नाही, फक्त येत राहायचं.

एकच काळजी. डाग नळीच्या पाऊण घेराच्या जवळपास होता, त्यामुळे जखम भरताना नळी आवळली जाईल. तिथे स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आहेत.

शेवंती_७
२ फेब्रुवारी, रात्री ११:००

वाचून खूप बरं वाटलं. खरंच.

आता बाबांचं लिहिते, जमेल असं वाटतंय. ज्यांच्या घरी उशिरा कळलंय त्यांच्यासाठी. जाळी म्हणजे मिटलेल्या छत्रीसारखी नळी, दुर्बिणीने जागेवर नेतात आणि तिथे ती आपोआप उघडते. नायटिनॉल नावाच्या धातूची, वर पातळ आवरण, म्हणजे गाठ जाळीतून आत वाढत नाही. चीरफाड नाही. पहिले दोन दिवस छातीत खूप दुखलं, तयारी ठेवा. तिसऱ्या दिवशी बाबांनी मऊ वरणभात खाल्ला. दीड महिन्यांनी भात. ते रडले, आम्ही सगळेच.

नियम असे होते: बसूनच खायचं, पोळी-भाकरी दुधात किंवा वरणात पूर्ण भिजवून, पालेभाजीचे धागे आणि मांसाचे तुकडे नाहीत, जेवल्यावर कोमट पाणी, झोपताना डोक्याकडची बाजू उंच. आमची जाळी जठराच्या तोंडापर्यंत गेली होती, त्यामुळे आडवं झालं की आम्ल वर यायचं. दोन महिन्यांनी ती थोडी खाली सरकली, दुसरी घालावी लागली. बाबा पाच महिने होते आमच्यात. जाळीने आयुष्य वाढलं नाही, डॉक्टरांनी ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पण शेवटच्या आठवड्यापर्यंत पिठलं तोंडाने खाल्लं त्यांनी.

जठराग्नी
३ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

शेवंती, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट माझ्या ओपीडीत लावावी असं वाटतंय. एक भर घालतो. माणसाच्या हाताशी बरेच महिने आहेत असं वाटत असेल तर नळीच्या आतून किरणं देण्याचा पर्यायही विचारा. नेदरलँड्सच्या चाचणीत (२००४) आराम जाळीने लवकर मिळाला, पण आतल्या किरणांनी जास्त टिकला. आणि ज्याचं पुढे ऑपरेशन होऊ शकतं त्याला घाईने जाळी घालू नये, खाण्यासाठी आतड्यात नळी टाकणं बरं.

कोकणी_वारा
३ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

माझ्या दादाचे केमो आणि रेडिएशन संपलेत, आता दुर्बिणीत काही दिसत नाही म्हणतात. तरी ऑपरेशन करायचंच का?

जठराग्नी
३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आत्ताच्या घडीला हा या विषयातला सगळ्यात जिवंत प्रश्न आहे. डच डॉक्टरांनी "सानो" नावाच्या चाचणीत ३०९ लोकांपैकी काहींवर ठरल्याप्रमाणे ऑपरेशन केलं, काहींना नुसतं नजरेखाली ठेवलं आणि कॅन्सर परत दिसला तरच ऑपरेशन केलं. दोन वर्षांनी जिवंत राहिलेले ७१ आणि ७४ टक्के, म्हणजे नजरेखाली ठेवल्याने नुकसान झालं नाही. पण "नजर" म्हणजे काय ते बघा. ठरावीक महिन्यांनी दुर्बीण, एकाच जागी दोनदा चावा घेऊन तुकडे, कारण उरलेला कॅन्सर अस्तराखाली लपतो. शिवाय सोनोग्राफीच्या दुर्बिणीने गाठींतून सुई, आणि पेट स्कॅन. हे सगळं वेळेवर होईल अशी खात्री नसेल तर ऑपरेशन टाळणं धोक्याचं. ज्या सर्जननी दादांना बघितलंय त्यांना हे नाव घेऊन विचारा.

माळरान
२१ एप्रिल, रात्री ८:५०

खबरबात. अपेक्षेप्रमाणे नळी आवळली. मार्चमध्ये मामांना पोळी अडकायला लागली, घाबरून रात्री दीड वाजता फोन. दोनदा फुग्याने रुंद केली. आता भाकरी दुधात कुस्करून जाते. परवा तीन महिन्यांची दुर्बीण झाली, पुन्हा आयोडीन, या वेळी सगळी तपकिरी. जुन्या जागी पांढरट व्रण फक्त. पुढची सहा महिन्यांनी.

मशेरी बंद आहे असं मामी म्हणते. मामा म्हणतात, "बंदच आहे," आणि गॅलरीत जातात.

खर्चाबद्दल व्यनि आले आहेत बरेच. शहरागणिक फार फरक आहे, आकडा टाकून दिशाभूल करत नाही. योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, दाखल झाल्यावर नको.

दुष्काळी_ढग
२२ एप्रिल, सकाळी १०:०५

सगळा धागा एका बैठकीत वाचला. वडिलांचं जिभेचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, रोज एक चपटी अजून आहे. उद्या तालुक्याच्या गावी दुर्बिणीची वेळ घेतली आहे. तिथे ते जपानी उजेडाचं यंत्र कुठून असणार? पुण्यालाच आणू का?

जठराग्नी
२२ एप्रिल, दुपारी १:१५

आधी तिथेच विचारा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच दुर्बिणींत तो उजेड असतोच, कंपनीप्रमाणे नाव बदलतं: एनबीआय, बीएलआय, आय-स्कॅन. डॉक्टरांना तोंडाच्या कॅन्सरचा इतिहास आणि दारूचं आधीच सांगा, नुसतं "ॲसिडिटी" लिहून देऊ नका. सहा तास उपाशी. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर त्याही सांगा. आणि लुगोलची बाटली नसेल तर निदान उजेड बदलून एकदा सावकाश बघा, एवढी विनंती करायला हरकत नाही.

दुष्काळी_ढग
२३ एप्रिल, संध्याकाळी ५:४०

विचारलं. डॉक्टर चांगले निघाले, रागावले नाहीत. दुर्बिणीच्या मुठीवर बटण आहे म्हणाले, दाबून दाखवलं, पडदा हिरवा-निळा झाला. सात-आठ मिनिटं बघत होते. एक जागा शंकेची वाटली, तुकडा घेतलाय, रिपोर्ट सोमवारी. बाहेर आल्यावर म्हणाले, हे बटण दाबा असं सांगणारे तुम्ही पहिलेच.